बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत

६ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. बाजूला ठेव, पण फाडू नकोस. माझा फोन तू उचलत नाहीस. दादाबरोबर निरोप पाठवावा, तर तो अर्धा विसरतो आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःचे विनोद घालतो. म्हणून पत्र. अकरा वर्षांनी.

बातमी अशी, की एकसष्टाव्या वर्षी मी पुन्हा शाळेत जाऊ लागले आहे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दवाखान्याला कुलूप लावते आणि मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर सोनोग्राफी शिकायला जाते. अंधाऱ्या खोलीतलं ते मोठं मशीन नव्हे. आता मुठीत मावेल असा प्रोब मिळतो. वायरीने छोट्या पडद्याला जोडायचा, पेशंटच्या पोटावर जेल लावायचं आणि खाटेशी उभं राहूनच आत डोकवायचं. पित्ताशयात खडे आहेत का, फुप्फुसाभोवती पाणी साठलंय का, असं आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टरांनी प्राथमिक पाहावं आणि शंका आली की पुढे पाठवावं, एवढंच. पस्तीस वर्षं मी कानांनी आणि बोटांनी काम केलं. आता डोळ्यांना जुंपलं आहे.

वर्गात आम्ही आठ जण. बाकीचे सातही चाळिशीच्या आतले. पहिल्या दिवशी एकाने मला पेशंट समजून खुर्ची दिली आणि "आजी, सकाळपासून काही खाल्लं नाही ना?" असं प्रेमाने विचारलं. आणि शिकवणारी कोण, ओळख बघू! चिमणी. कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंची मुलगी गं, इंजेक्शनची सुई बघितली की चिवचिव करून दवाखाना डोक्यावर घ्यायची ती. तू सुट्टीला आली होतीस तेव्हा तिला मांडीवर घेऊन तूच गप्प केलं होतंस. ती आता पांढरा कोट घालून माझ्या मनगटाला धरते आणि म्हणते, "डॉक्टरकाकू, हाताकडे बघू नका. पडद्याकडे बघा. हात आपोआप शिकतो."

मला एकदम आपल्या कॉन्व्हेंटमधल्या पियानोच्या सिस्टर आठवल्या. आपल्या हातांवर वर्तमानपत्र धरायच्या, बोटं दिसू नयेत म्हणून. तुझी बोटं त्या कागदाखाली कशी सरळ चालायची! माझी भलत्याच पट्टीवर पडायची आणि मी सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघायची. अजून तसंच आहे. पडद्यावर करड्या ढगाशिवाय काही दिसेना, की मी चिमणीच्या चेहऱ्याकडे बघते.

होस्टेलमधून दर रविवारी घरी लिहायची ती पत्रंही आठवली. मदर आधी वाचायच्या आणि मगच पाकीट चिकटवायच्या. त्यामुळे 'मी मजेत आहे, अभ्यास नीट चालला आहे' याखेरीज आपण कधी काही लिहिलं नाही. तू गोवर येऊन आजारी खोलीत पडली होतीस, तेव्हासुद्धा आपण दोघी मजेत होतो.

मीही आता तसंच लिहिते: मी मजेत आहे. हे का शिकते आहे म्हणशील, तर दुपारी वेळ असतो म्हणून. तू मला शेवटचा जो प्रश्न विचारलास त्याचं उत्तर मी तेव्हाच दिलं होतं. हे पत्र त्याबद्दल नाही.

धाकटी

२७ फेब्रुवारी

ताई,

उत्तर आलं नाही, पत्र परतही आलं नाही. त्यातच समाधान मानून लिहिते.

मागच्या वेळी वेळ असतो म्हणून शिकते असं लिहिलं. ते काही खरं नाही. वर्गाचं माहितीपत्रक हातात आलं तेव्हा त्यात एक ओळ होती: पोटातली महाधमनी तपासणे, पंचवीस तपासण्या. तेवढी एक ओळ वाचून मी नाव घातलं.

बाबांचं जे झालं, महाधमनीला फुगा येऊन तो फुटला, ते भावंडांत, मुलांत उतरू शकतं. आपण तिघंही साठी ओलांडलेले. दादा तर चाळीस वर्षं सिगरेट ओढतो आहे. वहिनी गेल्यापासून त्याला हटकणारंही कोणी नाही. म्हणून पहिला हात बसल्याबरोबर, गेल्या रविवारी सकाळी मी त्याला दवाखान्यात बोलावलं. पंचवीसपैकी तो माझा नववा.

टेबलावर आडवा झाला, गुडघे वर घेतले, सदरा छातीपर्यंत ओढला. जेल लावल्याबरोबर ओरडला, "अगं, काय हे! इस्त्रीआधी पाणी मारतेस की काय?"

"हलू नकोस. पोट सैल सोड."

"गेली दहा वर्षं सैलच आहे ते. सकाळी काय खाल्लं ते दिसतं का गं यात? गोड दिसत असेल तर नको बघूस."

छातीच्या हाडाखाली प्रोब टेकवला, वायू बाजूला सारायला हलकेच दाबला आणि थांबले. आधी मणका शोधायचा असतो. पांढरी झळझळीत कमान आणि तिच्या खाली सावली. ती सापडली की तिच्या वर, पेशंटच्या डाव्या अंगाला, महाधमनी. मला ती सापडली, ताई! काळं गोल वर्तुळ, आपलं आपण धडधडणारं. पहिल्यांदाच कोणी शेजारी उभं नसताना सापडली. मी खुणा टाकून मोजलं. एकवीस मिलिमीटर. तीसच्या आत असलं की झालं.

"दादा," मी म्हटलं, "अगदी ठणठणीत आहेस."

"ते मला ठाऊक होतं. तुला कागदावर हवं होतं एवढंच." आणि टॉवेलने पोट पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबांसाठी करतेयस ना हे?"

मी म्हटलं, "शिकायला करतेय." मग आम्ही माझ्याकडे जेवलो. तो तुझ्याबद्दल बोलला. तुझा गुडघा दुखतो, जिना चढताना कठड्याला धरतेस, शाळेतून निवृत्त झालीस तरी गल्लीतल्या पोरांना भूगोलावरून अजून दटावतेस. मी सगळं ऐकून घेतलं, आणखी काही सांगेल म्हणून त्याला दोनदा वाढलं.

आता तुझं काम. तुझ्या गावी कुठेही पोटाची सोनोग्राफी करून घे, महाधमनी मोजा म्हणून सांग. दहा मिनिटांचं काम आहे, दुखत नाही. माझ्याशी बोलू नकोस, मला कळवू नकोस, पण एवढं कर.

धाकटी

१२ मार्च

ताई,

माझ्या हातून चूक झाली आहे.

आम्ही घरी, दवाखान्यात जे तपासतो त्याची छोटी चित्रफीत साठवून ठेवावी लागते. शुक्रवारी चिमणी त्या एकेक करून बघते, मोठ्या पडद्यावर, सगळ्यांसमोर. परवा माझ्या नऊ ते चौदा नंबरच्या तपासण्या होत्या. नवव्यापाशी ती थांबली. पुन्हा मागे घेतली. पुन्हा लावली.

"काकू, कुठून कुठपर्यंत मोजलंत?"

"या कडेपासून त्या कडेपर्यंत. एकवीस."

"हे काळं म्हणजे वाहतं रक्त. बरोबर? मग त्याच्या भोवतीचं हे करडं काय आहे?"

"आतडं."

"आतडं हलतं, काकू."

मी बघितलं. ते करडं हलत नव्हतं. काळ्या वर्तुळाला सगळीकडून घट्ट वेढून बसलं होतं, आणि त्याच्याही बाहेर एक बारीक पांढरी रेघ होती. ती मी रविवारी पाहिली होती. पाहिली होती आणि सोडून दिली होती. ते करडं म्हणजे आत थिजलेलं रक्त, गुठळीचं अस्तर. मोठ्या नळात गाळ साचून मधून पाणी जायला बोटभर वाट उरावी, तसं. मी ती वाट मोजली. नळ मोजलाच नाही. धमनीची खरी भिंत म्हणजे ती बाहेरची पांढरी रेघ.

चिमणीने खुणा उचलून बाहेर नेल्या. अठ्ठावन्न.

"बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत," ती वर्गाला म्हणाली, आवाज न चढवता. "पहिल्या तासाला सांगितलं होतं. नवशिक्याची ही नेहमीची चूक आहे, म्हणूनच आपण फिती परत बघतो." मग मला हळूच, "पेशंटला बोलावून घ्या हं लगेच. कोण आहे?"

"भाऊ," मी म्हटलं.

तिने पडदा बंद केला. सातही जण वह्यांत काहीतरी लिहू लागले. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

घरी येऊन मी माझी वही उघडली. पहिल्या तासाची नोंद आहे, माझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारलेल्या: बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. मला माहीत होतं गं. पण पहिली स्वच्छ कड दिसली आणि मी तिथेच थांबले. मला तिथेच थांबायचं होतं.

पंचावन्नच्या पुढे गेलं की ऑपरेशन करतात. दादाला अजून सांगितलेलं नाही. त्याला आज दुपारी बोलावलं आहे. त्याआधी हे पत्र टाकून येते. का ते मला नीट सांगता येणार नाही. होस्टेलमध्ये कधी घाबरले की तुझ्या खाटेवर येऊन बसायची, म्हणून असेल.

धाकटी

३० मार्च

ताई,

दादा तुझ्याकडे निघाला आहे हे मला त्याच्याकडूनच कळलं, तेही बसमध्ये बसल्यावर त्याने फोन केला तेव्हा. तुला त्याने काय सांगितलं असेल याचा अंदाज आहे, म्हणून खरं काय ते लिहिते.

मी त्याला सगळं सांगितलं. फीत दाखवली, माझी चूक दाखवली. त्याने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाला, "म्हणजे तीन आठवड्यांत एकवीसचे अठ्ठावन्न झाले? भावच वाढला की माझा!"

"झाले नाहीत, दादा. होतेच. मी चुकीचं मोजलं."

"मग आत्ता बरोबर मोजलंयस कशावरून?"

म्हणून त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेलं, सीटी स्कॅन केला. एकोणसाठ. सर्जन भला माणूस आहे. कागदावर चित्र काढून समजावलं, की आतून जाळीची नळी बसवू, ठरवून केलं तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणांचं व्यवस्थित होतं. फुटलं, तर निम्मे लोक हॉस्पिटलच्या दारापर्यंतही पोचत नाहीत. आणि कधी फुटेल हे कोणी सांगू शकत नाही. उद्या, नाहीतर तीन वर्षांनी. अकरा एप्रिल तारीख दिली आहे.

दादाने चित्राची घडी घालून खिशात ठेवली. बाहेर व्हरांड्यात आल्यावर म्हणाला, "तुझी वहिनी याच जिन्याने चालत वर गेली होती. स्वतःची पिशवी स्वतः धरून. चाळीस दिवस नळ्यांत पडली आणि खाली आली ती आडवी. मी नाही जायचा."

"तिचं वेगळं होतं."

"सगळ्यांचं वेगळंच असतं. हे बघ, पहिल्यांदा तू सांगितलंस ठणठणीत आहेस. मी ऐकलं. आता मी तेच धरून चालणार. डॉक्टरने एकदा सांगितलेलं मागे घ्यायचं नसतं."

मी रडले, ताई. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, पेशंटांसमोर. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "वेडाबाई, मला काही दुखत नाहीये." दुखत नाही हेच तर त्या दुखण्याचं कपट आहे.

दोन दिवसांनी कपडे भरून तो तुझ्याकडे निघून गेला. बॅग स्वतः उचलून. जड उचलू नकोस म्हणून मी आधीच ओरडून सांगितलं होतं.

तो माझं ऐकणार नाही. ऐकावं असं मी काही ठेवलंच नाही. पण लहानपणापासून तुझा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नाही. तू 'ऊठ' म्हटलंस की तो पानावरून उठायचा. त्याला म्हण, अकरा तारखेला जा. सोबत तू ये, नाहीतर नुसता त्याला बसमध्ये बसवून दे. मी स्टँडवर उभी राहीन. तुला माझं तोंड बघावं लागणार नाही अशी व्यवस्था करीन.

काल फोनवर मी त्याला विचारलं, ताई काय म्हणते? हसत हसत म्हणाला, "ताई म्हणते, तिने ठीक आहे म्हटलं त्यावरही माझा भरवसा नाही, आणि ठीक नाही म्हणते त्यावरही नाही." मग म्हणाला, "बघ, दोघी बहिणी मिळून मला वाचवताय." त्याला ते विनोदाने घ्यायचं होतं.

तू माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. सर्जनने सही केलेल्या स्कॅनच्या अहवालाची प्रत सोबत जोडली आहे. त्याच्यावर ठेव.

धाकटी

१३ एप्रिल

ताई,

अकरा तारीख गेली. मी सकाळी साडेसहाला हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभी राहिले. साडेनऊला त्याची खाट दुसऱ्याला दिली. नऊ मेची नवी तारीख मागून घेतली आहे. सर्जन म्हणाले, "बाई, या वेळी पेशंटही आणा."

दादाला फोन केला तर म्हणाला, तुझ्या अंगणात खुर्ची टाकून बसलोय, फार छान वाटतंय, ताई मला नकाशातल्या नद्या पाठ करायला लावते. मागे तुझा आवाज आला. "पाणी हवंय का?" असं काहीतरी विचारत होतीस. अकरा वर्षांनी तो आवाज ऐकला आणि पुढचं माझं बोलणं राहूनच गेलं.

माझ्या बोलण्याला वजन का नाही, हे तू जाणतेस आणि मीही जाणते. तेव्हा आता ते लिहितेच. हे लिहिलं की उरलासुरला भरवसाही जाईल, हे कळत असूनही. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

त्या दिवशी सकाळी बाबांनी वरून हाक मारली. साडेनऊ वाजले होते. खाली दवाखान्यात तेवीस माणसं बसली होती. आकडा अजून आठवतो, कारण मी जिना चढताना मोजत होते, किती वेळ लागेल म्हणून. बाबा खाटेच्या कडेला बसले होते, एक हात कमरेवर. म्हणाले, "पाठीत भरलंय गं. खाली पोटापर्यंत कळ येते." मी दारातून विचारलं, लघवीला जळजळ होते का? नाही म्हणाले. मी म्हटलं, मूतखडा असेल नाहीतर लचक. गोळी देते, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहा, एक वाजता वर येते. गोळी मी दाराजवळच्या फळीवर ठेवली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. गळ्यात स्टेथॅस्कोप होता.

एक वाजता वर गेले तेव्हा संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू आलीस, चप्पल न काढता सरळ माझ्यापुढे उभी राहिलीस आणि विचारलंस, "पोटाला हात लावून पाहिलं होतंस?" मी म्हटलं, "हो. पाहिलं होतं. काही लागलं नाही हाताला."

लावला नव्हता, ताई. बाबा हडकुळे होते. त्यांच्या पोटावर नुसता तळवा ठेवला असता तरी धडधड हाताला लागली असती. त्यासाठी कुठलं मशीन लागत नव्हतं. वेळीच नेलं असतं तर वाचले असते का, हे मला माहीत नाही. कदाचित नसते. पण ते कदाचित मी त्यांना मिळू दिलं नाही, आणि वर तुझ्याशी खोटं बोलले. तू माझ्याकडे बराच वेळ बघत राहिलीस आणि मग चप्पल न काढताच परत गेलीस.

मला तेव्हा वाटलं, तू दुःखात आहेस, होईल शांत. मग महिने गेले. मग, आता खरं सांगायला फार उशीर झाला असं वाटू लागलं. ते वाटणंही सोयीचंच होतं.

मी बाबांच्या वेळी खोटं बोलले. दादाच्या वेळी चुकले. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि दादाच्या पोटातला फुगाही खरा आहे. त्याला माझ्या चुकांमुळे मरू देऊ नकोस.

धाकटी

२ मे

ताई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. पोस्टमनने इतर बिलांबरोबर आत टाकलं. तुझं अक्षर बघून मी समोर बसलेल्या बाईंच्या हातावर रक्तदाबाचा पट्टा तसाच फुगवलेला ठेवून उठले. त्यांनी हाक मारली तेव्हा भानावर आले.

पाचच ओळी. मी त्या इतक्या वेळा वाचल्या आहेत, की इथे न बघता लिहू शकते. 'बाबांनी त्या दिवशी दहा वाजता मला फोन केला होता. म्हणाले, धाकटी दारातूनच बघून गेली, गर्दी आहे तिच्याकडे. मीही त्यांना म्हटलं, पडून राहा. दादाला मी चार वेळा सांगितलं, तो माझंही ऐकत नाही. काय करायचं ते सांग.'

म्हणजे तू प्रश्न विचारलास तेव्हा उत्तर तुला माहीत होतं. अकरा वर्षं तू त्याच्यावर बसून राहिलीस, आणि स्वतःच्या 'पडून राहा'वरही. ताई, तू डॉक्टर नव्हतीस. तू तीनशे मैलांवर होतीस. तुझं आणि माझं सारखं नाही. हे तुला कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते सांगू शकणारी एकटी मी गप्प बसले होते.

काल संध्याकाळी दादाशी बोलले. म्हटलं, आता तर ताईही म्हणतेय. तर म्हणाला, "दोघी बोलायला लागलात ना? झालं तर माझं काम. आता मला खुर्चीत बसू द्या." मी समजावलं, रागावले, वहिनीची शपथ घातली. शेवटी म्हणाला, "धाकटे, मला समजत नाही असं नाही. समजूनच नाही म्हणतोय." त्या वेळी तो विनोद करत नव्हता. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की हे आता होणार नाही.

काय करायचं ते सांग, असं तू विचारलंस. तुझ्याकडे शब्द होता म्हणून मी इतके दिवस तुझ्याकडे आस लावून बसले होते. तो तुझा शब्दही खर्चून झाला, आणि तू माझ्याकडे बघते आहेस. मला माहीत नाही गं. मोठा, शहाणा माणूस आहे. त्याला बांधून नेता येत नाही. नऊ तारखेची खाट मी ठेवली आहे, त्या दिवशीही जाऊन उभी राहीन. पुढच्या तारखा मागत राहीन. मला माहीत आहे तेवढं लिहिते, ते नीट वाच.

रक्तदाबाची गोळी रोज सकाळी, तुझ्यासमोर. पाण्याची बादली, खुर्ची, काहीही जड त्याला उचलू देऊ नकोस. सिगरेट सुटली तर बरं. नाहीच सुटली तर त्यावरून भांडून त्याचं डोकं तापवू नकोस.

तुझ्या गावच्या दोन हॉस्पिटलांना मी फोन केला. नदीपलीकडच्या हॉस्पिटलात रक्तवाहिन्यांचा सर्जन आहे, तुझ्या जवळच्यात नाही. दहा मिनिटं जास्त लागली तरी पलीकडेच न्यायचं. सोबत स्कॅनच्या तीन प्रती आहेत. एक त्याच्या खिशात, एक तुझ्या पर्समध्ये आणि एक दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. कागद बघून लाजू नकोस, आल्यागेल्याला दिसला तर दिसू दे.

पाठीत, कमरेत, पोटात अचानक कळ आली, घेरी आली, घाम फुटून अंग गार पडलं, यातलं एक जरी झालं तरी लचक समजायचं नाही. गोळी नाही, शेक नाही, पाणी नाही, शेजारच्या डॉक्टरला बोलावणं नाही. आडवं करायचं आणि ॲम्ब्युलन्सला फोन. त्यांना पाल्हाळ लावू नकोस. एवढंच सांग: पोटातल्या महाधमनीला फुगा आहे, एकोणसाठ मिलिमीटर, आता दुखायला लागलं आहे. हे वाक्य पाठ कर. तू वर्गाला पाठ करून घ्यायचीस तसं, झोपेतून उठवलं तरी म्हणता येईल इतकं.

त्यांनी विचारलं, कोणी सांगितलं, तर माझं नाव सांग किंवा सांगू नकोस. कागदावर सर्जनचं नाव आहे.

तू स्वतःची तपासणी केलीस का, ते लिहिलं नाहीस. करून ये. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजलं का, असं स्पष्ट विचार. त्यांना राग आला तर येऊ दे.

आणि ती वेळ आलीच, तर मला आधी फोन करू नकोस. मी प्रश्न विचारीन, कळ कुठे आहे, कधीपासून आहे, आणि त्यात मिनिटं जातील. माझ्याच्याने काही होणार नसेल तेव्हाही मी विचारत राहीन. आधी ॲम्ब्युलन्सला. त्याला गाडीत घेतलं, दार लागलं, तू त्याच्या उशाशी बसलीस, की मग मला लाव. दवाखान्यात कितीही माणसं बसलेली असली तरी मी उचलीन.

धाकटी